न चाखलेली आमटी

श्रीपती आचाऱ्याची जीभ गेली, ही गोष्ट साऱ्या जालना गावात दोनच माणसांना ठाऊक होती. एक स्वतः श्रीपतराव आणि दुसरी त्यांची बायको रमाबाई. जीभ गेली म्हणजे बोलायची नव्हे. ती उलट दुपटीने चालायला लागली होती. गेली ती चवीची. दिवाळीनंतर मुदतीचा ताप आला, एकवीस दिवस अंथरुणाला खिळवून गेला, आणि जाताना माणूस तेवढा ठेवून चव घेऊन गेला. पथ्याचा पहिला भात तोंडात घातला तेव्हा श्रीपतराव म्हणाले, "अगं, यात मीठ घालायचं राह्यलं का?" रमाबाईंनी मीठ दिलं. मग आणखी दिलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

आचाऱ्याची जीभ जाणं म्हणजे सोनाराचे डोळे जाणं. पोलीस अॅक्शनला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती, निजामाच्या राज्यातले पुष्कळ मोठे लोक लहान आणि लहान लोक मोठे झाले होते, पण श्रीपतरावांचं स्थान कुणी हलवलं नव्हतं. बदनापूरपासून घनसावंगीपर्यंत लग्न ठरलं की आधी तिथी धरायचे आणि मग श्रीपती आचाऱ्याला. त्यांची आमटी अशी, की वरपक्षाची माणसं रुसवा बाजूला ठेवून आधी द्रोण रिकामा करायची. अशा माणसाने चव गेली म्हणून सांगितलं तर उद्या चुलीजवळ कोण उभं करील? झाकली मूठ सव्वा लाखाची. नवराबायकोंनी मूठ झाकली.

झाकली खरी, पण ती झाकून धरता धरता दोघांच्याही हाताला मुंग्या आल्या.

माघापासून लग्नसराई सुरू झाली तेव्हा रमाबाई पोळ्या लाटायच्या निमित्ताने नवऱ्याबरोबर जायला लागल्या. पोळ्या त्या लाटायच्याच, पण खरं काम चाखायचं. खुणा ठरल्या होत्या. रमाबाईंनी पदर उजव्या खांद्यावर ओढला की मीठ कमी. कपाळावरचं कुंकू सारखं केलं की आंबट जास्त. आणि खोकल्या की पुरे, आता हात आवरा. दोन लग्नं, एक मुंज, एक डोहाळेजेवण या खुणांवर निभावलं. तिसऱ्या लग्नात, बदनापूरला, वाऱ्याची दिशा फिरली आणि मिरचीच्या फोडणीचा धूर रमाबाईंच्या नाकातोंडात गेला. त्यांना खराच ठसका लागला. श्रीपतरावांनी मिठाचा हात जागच्या जागी थांबवला. सव्वाशे पानांना त्या दिवशी अळणी कढी वाढली गेली. लोकांनी वरून मीठ घेतलं आणि लग्नात असं होतंच म्हणून विसरून गेले. श्रीपतराव मात्र विसरले नाहीत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, हे पाणीसुद्धा फुंकायला लागले.

जेवणावळ चालू असली की ते खांबाआड उभे राहून पंगतीकडे बघत. कोण आमटी परत मागतंय, कोण द्रोण नुसताच ओठाला लावून ठेवतंय, कुणी शेजाऱ्याच्या कानाशी लागून काय बोललं. कोणी हसलं की आपल्याच स्वयंपाकाला हसलं. कोणी गप्प बसलं की बिघडलंच काहीतरी. घरी आल्यावर छातीत जळजळ. वैद्यबुवांची चूर्णं झाली, अंगारे झाले. आणि दिवसभर एकच पालुपद: "कसं झाल्तं गं? खरं सांग. अगदी खरं." रमाबाई खरं सांगत. मग ते म्हणत, "मला बरं वाटावं म्हणून सांगून राह्यलीस तू." रमाबाई कपाळाला हात लावत आणि तेवढ्यात श्रीपतराव दचकून विचारत, "का? आंबट झाल्तं का?"

अशी ही नऊ महिन्यांची तऱ्हा. रमाबाईंची मान आणि खांदे लाकडासारखे ताठ झाले होते. नवऱ्याची जीभ होऊन राहणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. स्वतःच्या जिभेवर स्वतःची म्हणून एक चव उरली नव्हती. काहीही तोंडात घातलं की ते कसं लागतंय याऐवजी ते कसं लागेल, हाच विचार आधी येई. पण त्या हे कुणाला सांगत नव्हत्या. श्रीपतरावांना तर बिलकुल नाही.

भाद्रपदात तीर्थपुरीहून निरोप आला. तिथल्या द्वारकाबाईंच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. द्वारकाबाई चाळीस वर्षं तो स्वयंपाक स्वतःच्या हाताने करत आल्या होत्या, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी चिखलात घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. सून पुष्पाबाई अजून नवखी, आणि दुपारच्या नैवेद्याला गावची साठ-सत्तर पानं. तेव्हा श्रीपतरावांनी यावं, बाईंना बरोबर आणावं, असा निरोप.

अंबडपर्यंत मोटार आणि पुढे द्वारकाबाईंनी धाडलेली बैलांची दमणी, असं करत दोघं आदल्या संध्याकाळी पोचले. लक्ष्म्या आल्या होत्या, मखरात बसल्या होत्या. सकाळी अंघोळी करून, सोवळं नेसून दोघं स्वयंपाकघरात शिरली तेव्हा द्वारकाबाई उंबऱ्याशी पाट मांडून बसलेल्याच होत्या. पासष्टीच्या, काटक, हात झोळीत अडकवलेला. त्यांनी आधी चुलवण दाखवलं, मिठाचं मडकं दाखवलं, पाण्याचे हंडे दाखवले, आणि मग म्हणाल्या,

"एक सांगून ठेवते, श्रीपतराव. तुमचं नाव मोठं हाय, पण आमच्या घरचा दंडक हाय. लक्ष्म्यांच्या मुखाला लागस्तोवर कुणाच्या जिभेला लागायचं न्हाई. थेंबभर न्हाई. वास बी मुद्दाम घ्यायचा न्हाई."

दंडक काही नवा नव्हता. नैवेद्य चाखायचा नसतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण रमाबाईंना आपल्या नवऱ्याची तीस वर्षांची रीतही माहीत होती. श्रीपतरावांनी जन्मात एकही नैवेद्य न चाखता केला नव्हता. सगळ्यांची पाठ वळली की डावाने थेंबभर आमटी तळहातावर घ्यायची आणि चटकन जिभेला लावायची. वर म्हणायचे, "देवाला खारट द्यायचं का? त्यापेक्षा मला पाप लागू दे." तापानंतर ते पाप रमाबाईंकडे आलं होतं. आणि आता उंबऱ्यातच पाट मांडून बसलेली ही बाई. हिची पाठ वळणार तरी कधी?

श्रीपतराव पाणी आणायचं निमित्त करून मागल्या दारी गेले. रमाबाई मागोमाग गेल्या.

"मी सांगून टाकतो," श्रीपतराव आडाच्या कठड्याला धरून म्हणाले. "पोटात कळ आली म्हणतो. परत जाऊ."

"अन् ही लक्ष्म्यांची पानं? आता कुठून आणतील दुसरा माणूस?"

"बिघडलं तर? सणाच्या दिवशी बिघडलं तर? अगं, लग्नातली कढी लोक विसरतेत. लक्ष्म्यांचा नैवेद्य बिघडवला म्हणून नाव निघालं तर पुन्हा कोणी दारात उभं करणार न्हाई मला. अन् मी बी उभा राहणार न्हाई. हे शेवटचं."

त्यांचा हात कठड्यावरून सुटत नव्हता. ज्या हाताने पाचशे पानांच्या भाताचं पाणी डोळे मिटून घातलं, तो हात. रमाबाईंना एकदम रडू यायला लागलं आणि त्या रडू नये म्हणून रागावल्या. "इथंच थांबा," म्हणाल्या, आणि तरातरा आत येऊन द्वारकाबाईंपुढे बसल्या.

"काकू, एक विचारू का? चाळीस वर्षं तुमी चाखल्याबिगर केलंत. मीठ बराबर पडलं का न्हाई हे कळायचं कसं तुमाला?"

"मला कुठं कळायचं?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"मंग?"

"मंग काय? कळत नव्हतंच." पाऊस का पडतो असं कुणी विचारावं, अशा सुरात त्या बोलत होत्या. "पहिली चार-पाच वर्षं लई जीव जायचा माझा. सासूबाई असंच इथं बसायच्या. मी मीठ टाकायचे अन् दुसऱ्या भाजीकडं वळले की मन पहिलीतच. टाकलं का न्हाई? जास्त झालं का? त्या नादात दुसऱ्या भाजीत दोनदा पडायचं. मंग सासूबाईंनी सांगितलं, टाकताना दुसरं काही आठवायचं न्हाई. अन् टाकल्यावर ते आठवायचं न्हाई. मूठ उघडली की हात धुवायचे. माय, तुझं तू बघ, म्हणायचं अन् पुढल्या चुलीकडं तोंड करायचं. लोक म्हणतेत कृष्णार्पण. तेच की. पण लोक तोंडानं म्हणतेत अन् मन तिथंच ठेवून येतेत."

"अन् तरी बिघडलं तर?"

"बिघडलंय की. एका वर्षी आमटी अशी खारट झाल्ती, की जेवून उठलेली माणसं आडावरनं हलेनात." द्वारकाबाई हसल्या. "मला वाटलं, आता लक्ष्म्या काय या घरात पाय ठेवत न्हाईत. पुढल्या वर्षी आल्या की. बराबर त्याच दिवशी."

मागे पायांचा आवाज झाला. श्रीपतराव घागर घेऊन दारात उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी घागर उतरवली, पंचा खोचला आणि चुलवणात लाकूड सारलं. रमाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला, पण अर्धाच.

स्वयंपाक सुरू झाला. डाळ शिजायला लागली, रमाबाई भाज्या चिरायला बसल्या. सोळा भाज्या एका ठिकाणी करायच्या होत्या, त्यात भोपळा होता, दोडका होता, अळू होतं आणि पुष्पाबाईंनी मोजून मोजून आणलेली दोन दोन पानं बाकीच्यांची. मिठाची पहिली वेळ आली. श्रीपतरावांनी मडक्यात हात घातला, खडेमीठ मुठीत घेतलं आणि सवयीने रमाबाईंकडे बघितलं. रमाबाईंचा हात सवयीने पदराकडे गेला. मग दोघांनाही आठवलं की यात काही अर्थ नाही, आज पदरालाही काही माहीत नाही.

श्रीपतरावांनी मीठ घातलं. हात धुतले. दोन पावलं पुढे गेले आणि परत वळून भाजीकडे बघायला लागले.

"अंहं," उंबऱ्यातून आवाज आला.

ते निमूटपणे कढीकडे गेले. तिथे तसंच झालं. मीठ, हात, दोन पावलं, मान मागे. पुन्हा "अंहं". शाळेतल्या पंतोजींपुढे उभ्या राहिलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. रमाबाईंना हसू आलं, आणि हसू आलं याचं नवल वाटलं. चुलीपाशी त्या कित्येक महिन्यांत हसल्या नव्हत्या.

पण कोशिंबिरींपर्यंत येता येता काहीतरी बदललं. नेमकं कधी ते रमाबाईंना सांगता आलं नसतं. श्रीपतराव मुठीत मीठ घ्यायचे तेव्हा मुठीकडे बघायला लागले. पातेल्यात किती काय आहे हे एकदा नजरेने मापायचे, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचे आणि मूठ उघडायचे. मग हात धुताना ते नुसते हात धुवायचे. पाणी बोटांवरून कसं जातंय ते बघायचे. आणि नंतरचं पाऊल सरळ पुढल्या भांड्याकडे पडायचं, मान न वळता. तीस वर्षं त्या हाताने मीठ घातलं होतं. जीभ रोज त्याची झडती घ्यायची म्हणून त्याला स्वतःला काही कळतं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पुरण वाटताना तर श्रीपतराव चक्क गुणगुणायला लागले. सुरात नव्हते, पण ते कधीच सुरात नसत.

पुरणाचा कट मोठ्या पातेल्यात ओतला. त्यात चिंच, गूळ, भाजलेलं खोबरं, येसराचा मसाला. आमटी उकळायला लागली आणि घरभर तो वास सुटला, ज्यासाठी लोक चार कोस चालत यायचे. मुद्दाम घेतला नाही तरी तो नाकात शिरत होता, त्याला कोण काय करणार. नेमकं त्याच वेळी माजघरातून पुष्पाबाईंची हाक आली. धाकट्या लक्ष्मीच्या साडीच्या निऱ्या सुटल्या होत्या. द्वारकाबाई एका हाताने गुडघ्यावर जोर देऊन उठल्या आणि आत गेल्या. रमाबाई पानांची चवड घ्यायला मागल्या दारी गेल्या होत्या, त्या परत आल्या तर उंबरा रिकामा.

आनंद व्हावा की भीती वाटावी ते त्यांना कळेना. आमटीत मीठ पडलेलं त्यांनी बघितलं नव्हतं.

"मीठ घाल्तं का यात?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"घाल्तं."

"किती?"

"जेवढं लागतं तेवढं."

रमाबाईंनी दाराकडे बघितलं. माजघरात बांगड्यांचा आवाज, द्वारकाबाई निऱ्या कशा धरायच्या ते सांगत होत्या. अजून थोडा वेळ होता. रमाबाई चुलवणापाशी आल्या आणि त्यांनी उजवा तळहात पुढे केला.

"थेंबभर द्या. जल्दी. कुणी न्हाई इथं."

श्रीपतरावांनी डाव उचलला. तोही सवयीचाच. डाव आमटीतून वर आला, रमाबाईंच्या तळहातापर्यंत आला, त्याच्या टोकाला थेंब लोंबायला लागला. एवढा एक थेंब, की झालं. माघापासून असंच चाललं होतं. या थेंबावर घर चाललं होतं. श्रीपतरावांनी बायकोच्या तळहाताकडे बघितलं. पिठाने पांढरा झालेला, चरे पडलेला तो हात. थेंब परत आमटीत पडला.

"नको," ते म्हणाले.

"अहो, वेळ कुठली अन् तुमी..."

"नको म्हणतो ना. टाकलंय मी. टाकताना मी इथंच होतो." त्यांनी डाव पातेल्यावर आडवा ठेवला. "आज पहिल्यांदा होतो. आता तिचं तिला बघू दे." आणि ते पोळ्यांसाठी कणीक आणायला कोठीत गेले.

रमाबाई एकट्याच राहिल्या. आता खरी गंमत बघा. ज्याला भीती होती तो सुटून कोठीत निघून गेला आणि त्याची सगळी भीती या बाईच्या पदरात पडली. त्यांना ठाऊक होतं, हे बिघडलं तर हा माणूस परत चुलीपुढे उभा राहणार नाही. आडावर तो म्हणाला ते खोटं नव्हतं. खांबाआडून तो पंगत बघेल, एक माणूस तोंड वाकडं करील, आणि त्या क्षणी श्रीपती आचारी संपेल. मग उरेल एक चिडका म्हातारा, ओसरीवर बसून छातीवर हात चोळणारा. त्याला आपण वाचवू शकतो. एक थेंब. लक्ष्मीला काय, तिची लेकरंच आहोत, ती समजून घेईल. रमाबाईंनी स्वतः डाव उचलला. मग खाली ठेवला. मग वाटलं, चाखायला नको, नुसतं मीठ घालावं. त्यांच्या मते नवऱ्याचा हात भीतीने नेहमीच आखडता पडायचा. त्यांनी मडक्यातले चार खडे घेतले आणि आमटीवर मूठ धरली.

मूठ घामेजली. आमटी उकळत होती. आपण कशासाठी मीठ घालतोय, असं त्यांच्या मनात आलं. आमटीसाठी की आपल्या भीतीसाठी? तो म्हणतो, टाकलंय. तीस वर्षांत त्याने स्वयंपाकाबद्दल एक शब्द खोटा सांगितला नाही. त्याच्यावर आपला विश्वास आहे की फक्त आपल्या जिभेवर?

त्यांनी खडे परत मडक्यात टाकले. हंड्यातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. "माय, तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. पहिल्यांदा नुसतं म्हणून बघितलं, काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा म्हणताना डोळ्यांतून पाणीच आलं, आणि ते पुसून त्या वळल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मान सहज वळली.

द्वारकाबाई परत येऊन पाटावर बसल्या. "झाली का आमटी?"

"झाली की," रमाबाई म्हणाल्या.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, आणि दुपार कलायच्या आत पंगत बसली. रमाबाई आणि पुष्पाबाई वाढायला होत्या. रमाबाईंनी चोरून खांबाकडे बघितलं. खांबाआड कोणी नव्हतं. दुसऱ्या खांबाआडही नव्हतं. त्या घाबरून मागल्या पडवीत गेल्या, तर श्रीपतराव कडब्याच्या पेंढीला टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपले होते. सत्तर माणसं त्यांची आमटी भुरकत होती आणि हा गृहस्थ घोरत होता. रमाबाई क्षणभर त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या. एवढी माया त्यांना लग्नातसुद्धा वाटली नव्हती, तेव्हा तर नुसती भीतीच वाटली होती. त्यांनी माश्या बसू नयेत म्हणून पंच्याचा सोगा ओढून त्यांच्या तोंडावर टाकला आणि परत वाढायला गेल्या.

पंगतीत कुणी आमटी परत मागितली. कुणी नाही मागितली. दोघा-चौघांनी पानातलं मीठ बोटाने द्रोणात ढवळलं, ते रमाबाईंना दिसलं आणि त्या पुढे गेल्या, कारण पुढच्या पानाला पुरणपोळी हवी होती. प्रसादाला कुणी नाव ठेवत नाही, आणि भूक लागलेल्या माणसाला तेवढा वेळही नसतो. द्वारकाबाई शेवटच्या पंगतीत बसल्या, सुनेच्या हाताने जेवल्या, आणि जेवणाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "रमाबाई, आता माणसाला उठवा. अन् जेवा दोघं."

त्याआधीच श्रीपतरावांना भुजंगरावांनी उठवलं होतं. भुजंगराव हे गावातलेच एक शेतकरी, मिशीला अजून तूप लागलेलं. रमाबाई पडवीत आल्या तेव्हा ते श्रीपतरावांसमोर उकिडवे बसले होते.

"मार्गशीर्षात लेकीचं लगीन हाय. पाचशे पान हुईल. तुमीच यायचं बघा."

रमाबाईंचा हात पदराकडे गेला. होय म्हणायची खूण कुठली आणि नाही म्हणायची कुठली, ते ठरवलंच नव्हतं. पण श्रीपतरावांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी डोळे चोळले आणि भुजंगरावांकडे सरळ बघत म्हणाले,

"येतो. पण एक सांगतो, मंग तुमी ठरवा. तापात माझी चव गेली. मला काही कळत न्हाई, गोड न्हाई की खारट न्हाई. लग्नाचा स्वयंपाक मी करतो अन् ह्या चाखतेत. ह्यांनी हो म्हणल्याबिगर पंगत बसत न्हाई. चालत असंल तर सांगा."

नऊ महिने झाकलेली मूठ या माणसाने अशी, झोपेतून उठल्या उठल्या, उघडून दाखवली होती. भुजंगरावांनी मिशी पुसली.

"म्हंजी आजचं बी ह्यांनीच चाखल्तं?"

"आजचं कुणीच न्हाई चाखलं."

"बरं." भुजंगराव उठले. "मी तीन द्रोण पिलो. बाईंना बी संगं आणा मंग. दमणी धाडतो."

ते गेले. पडवीत दोघंच उरली. श्रीपतराव अंगावरचा कडबा झटकत होते. आता ते विचारतील, कसं झाल्तं, खरं सांग, अशी रमाबाईंनी मनाची तयारी केली.

"तू जेवलीस का गं?" श्रीपतरावांनी विचारलं.

तीस वर्षांत जेवणावळीच्या दिवशी हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. "न्हाई," त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी थांबल्ते."

दोन पत्रावळी मांडल्या. रमाबाईंनीच वाढलं आणि मांडी घालून शेजारी बसल्या. श्रीपतरावांनी चित्राहुती घातली आणि घास न घेता त्यांच्याकडे वळले.

"आधी तू. अन् सांग मला, कसं लागतंय. चुका काढू नको. नुसतं सांग. मला काही लागत न्हाई, तर तुझ्याकडून ऐकतो."

रमाबाईंनी द्रोण तोंडाला लावला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या जिभेवर काहीतरी त्यांचं स्वतःचं म्हणून आलं. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागल्या. "चिंच आधी येते. मंग मागनं गूळ. मंग खोबरं भाजलेलं, थोडं जास्तच भाजलंय, पण छान लागतंय. कट दाट हाय. अन् येसर शेवटी, घशात उतरल्यावर. माझ्या माहेरी श्रावणात असा वास यायचा."

श्रीपतराव तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते, जणू ते शब्दच भुरकत होते. ऐकून संपल्यावर त्यांनी मान हलवली.

"अन् मीठ?"

रमाबाईंनी द्रोण खाली ठेवला. आजपर्यंत या प्रश्नाला त्या पदराने उत्तर देत आल्या होत्या. क्षणभर जुनी धास्ती आली.

"कमी हाय," त्या म्हणाल्या. "थोडंच. पण हाय कमी."

श्रीपतरावांनी त्यांच्या द्रोणाकडे बघितलं. मग स्वतःच्या पानात डावीकडे वाढलेल्या मिठाकडे बघितलं. त्यातली चिमूटभर त्यांनी उचलली आणि हात लांब करून बायकोच्या आमटीत सोडली.

"हातात न्हाई देत," ते म्हणाले, "हातात मीठ दिलं की भांडतेत म्हणे. बघ आता. झालं का बराबर?"

रमाबाईंनी बोटाने ढवळून भुरका मारला. झालं होतं.